मैलापूरची पुन्नै, कोकणातली उंडी

पार्वतीने मोराच्या रूपात जिच्या सावलीत तप केलं असं मानतात, ती मैलापूरची पुन्नै म्हणजे आपल्या कोकणातली उंडी. एके काळी हिच्या बियांच्या तेलावर दिवे जळत आणि त्याच तेलाने सांधे चोळले जात. देवळात तिची पूजा होते, पण घरातला तिचा वापर मात्र विसरला जातोय. हे तेल कशासाठी वापरायचं आणि कशासाठी अजिबात वापरायचं नाही?

चेन्नईच्या मैलापूर भागात कपालीश्वराचं देऊळ आहे. सुमारे १२० फूट उंचीचं गोपूर, मागच्या बाजूला भलं मोठं तळं, भोवतालच्या चार रस्त्यांवर फुलवाल्या, पितळेची भांडी विकणारे आणि फिल्टर कॉफीचा दरवळ. या गजबजाटातून आत गेलं की प्रदक्षिणेच्या वाटेवर एक झाड लागतं. पानं जाड, गर्द हिरवी आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. झाडाजवळच एक छोटं मंदिर आहे. त्यातल्या देवाचं नाव पुन्नैवननाथ, म्हणजे पुन्नैच्या वनाचा स्वामी. तिथल्या शिल्पात एक लांडोर शिवलिंगाची पूजा करताना दिसते.

यामागची कथा तमिळ घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. शंकर पार्वतीला पंचाक्षरी मंत्राचं रहस्य सांगत होते. तेवढ्यात समोर एक मोर नाचू लागला आणि पार्वतीचं लक्ष तिकडे गेलं. शंकर रागावले. ‘तूही मोर होशील,’ असा शाप मिळाला. मग लांडोरीच्या रूपात पार्वतीने इथे, पुन्नैच्या झाडाखाली शिवाची आराधना केली आणि शापातून सुटली. तमिळमध्ये मोराला ‘मयिल’ म्हणतात. गावाचं नाव त्यावरूनच पडलं, असं मानलं जातं.

दक्षिणेत प्रत्येक जुन्या देवळाचं स्वतःचं एक झाड असतं. त्याला स्थलवृक्ष म्हणतात. देव जितका पूज्य तितकंच ते झाडही. कुऱ्हाड लावायची नाही, पाय लावायचा नाही. कपालीश्वराचा स्थलवृक्ष पुन्नै का, याचं उत्तर भूगोलही देतो. पुन्नै हे समुद्रकाठचं झाड. खारा वारा आणि वाळूची जमीन त्याला मानवते. मैलापूरचं मूळ देऊळ समुद्रालगत होतं, पोर्तुगीजांच्या काळात ते नष्ट झालं आणि पुढे आजच्या जागी नवं उभं राहिलं, असं सांगितलं जातं. सातव्या शतकातल्या संत संबंदर यांनी मैलापूरवर रचलेल्या पदांची सुरुवातच पुन्नैच्या बनाच्या उल्लेखाने होते. सर्पदंशाने मरण पावलेल्या पूंपावै या मुलीला संबंदरांनी पुन्हा जिवंत केलं, ही कथा याच पदांशी जोडलेली आहे.

त्याहूनही जुन्या संगम काव्यात पुन्नै समुद्रकाठच्या प्रदेशाची खूणच आहे. ‘नट्रिणै’ या संग्रहातली एक कविता तर फारच गोड आहे. लहानपणी खेळताना मुलींनी पुन्नैचं बी वाळूत पुरलं. ते रुजलं. मुलीने त्याला दूध-तूप घालून वाढवलं. आई म्हणाली, ही तुझी बहीण, तुझ्यापेक्षाही गुणी! आता या बहिणीच्या सावलीत प्रियकराशी हसायचं-बोलायचं कसं, असा त्या तरुणीपुढचा पेच आहे.

उंडी ती हीच!

मराठी वाचकाला पुन्नै हे नाव परकं वाटेल, पण झाड परकं नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर ते उंडी किंवा उंडीण म्हणून ओळखलं जातं. संस्कृतात पुन्नाग, मल्याळममध्ये पुन्ना आणि वनस्पतिशास्त्रात कॅलोफायलम इनोफायलम. कॅलोफायलम म्हणजे सुंदर पानाचं. पान उजेडात धरलं की मधल्या शिरेपासून कडेपर्यंत गेलेल्या अगदी जवळजवळच्या, समांतर बारीक रेषा दिसतात. झाड ओळखण्याची ही सर्वात सोपी खूण.

फुलं पांढरीशुभ्र, मधोमध पिवळ्याधमक केसरांचा झुबका. वास मंद आणि गोड. फळ गोट्यांएवढं किंवा थोडं मोठं, गुळगुळीत आणि गोल. पिकलं की पिवळसर होतं आणि मग सुकून सुरकुततं. आतल्या कठीण कवचात एकच बी. वटवाघळं वरचा गर खातात आणि बी टाकून देतात. समुद्रात पडलेलं फळ तरंगत दूरवर जातं. म्हणूनच पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिक महासागरातल्या बेटांपर्यंतच्या किनाऱ्यांवर हे झाड दिसतं. ताहितीत त्याला तमानू म्हणतात. ‘तमानू ऑइल’ म्हणून छोट्या बाटलीत महागड्या किमतीला मिळणारं तेल म्हणजे आपलं उंडीचं तेलच! काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते असं.

कोकणात या तेलाला उंडेल असा खास शब्द होता. रॉकेल घरोघर पोचण्याआधी दिव्यात ते जळायचं. होड्यांच्या लाकडाला ते चोपडलं जायचं. आणि पावसाळ्यात गुडघे धरले की आजीच्या बटव्याबरोबर उंडेलाची बाटलीही निघायची. रॉकेल आलं, वीज आली, वेदनाशामक मलमांच्या ट्यूब आल्या. दिव्याचं तेल म्हणून मागणी संपली, तसे घाण्यावर उंडी नेणारे हातही कमी झाले. तेल गेलं आणि त्याच्यासोबत ते कसं वापरायचं याची माहितीही चालली.

मैलापूर आणि वैद्यकी

मैलापूर हे नुसतं देवळाचं गाव नाही. देशी औषधांशीही त्याचं जुनं नातं आहे. तमिळनाडूत जडीबुटीच्या दुकानाला ‘नाट्टु मरुंदु कडै’ म्हणतात. मैलापूरच्या कचेरी रोडवरचं ‘डब्बा चेट्टी’ हे असंच शंभर वर्षांहून जुनं दुकान. नाव पडलं ते ओळीने मांडलेल्या डब्यांवरून, असं सांगतात. बाळंतिणीच्या औषधांपासून दिवाळीच्या फराळानंतर खायच्या लेह्यापर्यंत सारं काही अशा दुकानांत मिळतं. हे लेह्य म्हणजे पचनासाठीचा औषधी अवलेह. तमिळ घरात दिवाळीच्या सकाळी अभ्यंगस्नानाइतकाच त्याचा मान.

१९०५ साली व्ही. कृष्णस्वामी अय्यर या नामवंत वकिलांनी मैलापुरात वेंकटरमण दवाखाना आणि आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं. पाश्चात्त्य वैद्यकाचा दबदबा वाढत असताना वैद्यकी घराण्याबाहेर, वर्गात बसून शिकवण्याचा हा प्रयत्न होता. पुढे १९२५ साली मद्रास सरकारनेही आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या तिन्ही पद्धती शिकवणारी शाळा काढली.

या कामात मराठी माणसाचाही हात आहे. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांनी ‘धन्वंतरी महाल’ उभारला आणि आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सर्व प्रकारच्या वैद्यांना एकत्र आणलं. तिथे जमवलेली औषधयोगांची माहिती ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळमध्ये आली. याच तंजावरी मराठी समाजातले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले आणि आयुष्याच्या अखेरीस मैलापुरात राहिले. १८९१ साली तिथेच त्यांचं निधन झालं.

पुन्नैची नोंद युरोपपर्यंत नेणाऱ्या ग्रंथामागेही आपली माणसं आहेत. केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तयार करवून घेतलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात पोन्ना या नावाने हे झाड सापडतं. ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्यांनी दिलेलं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र ग्रंथात छापलेलं आहे.

पान, फूल, साल, तेल

आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये पुन्नागाचं वर्णन शीतल, सुगंधी आणि पित्तशामक असं येतं. निघंटू म्हणजे औषधी द्रव्यांचे कोश. झाडाचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या कामासाठी वापरले जात.

साल तुरट असते. सालीचा काढा जखमा आणि चिघळलेले व्रण धुण्यासाठी वापरला जाई. तुरट द्रव्यांनी स्राव कमी होतो, हा त्यामागचा विचार.

फुलं वापरली जात ती मुख्यतः गारव्यासाठी आणि सुवासासाठी. सावलीत सुकवून ती तेलात घातली जात. देवाला वाहिली जात, वेणीतही माळली जात.

पानं पाण्यात भिजवून ते पाणी लावण्याची पद्धत अनेक किनाऱ्यांवर होती. डोळ्यांच्या आगीवरही ते पाणी वापरल्याच्या नोंदी आहेत. हा प्रयोग मात्र घरी करू नये. या झाडाचा चीक डोळ्यांना झोंबणारा आणि इजा करणारा आहे.

पण उंडीचं खरं धन म्हणजे बियांचं तेल. सांधेदुखी, कंबरदुखी, मुरगळणं यावर कोमट तेल चोळून वर शेक द्यायचा, ही रीत तमिळनाडूत आहे आणि कोकणातही. खरूज, नायटा, भेगाळलेल्या टाचा, जुने व्रण यांवरही हे तेल लावलं जाई. दक्षिणेतले सिद्ध वैद्यही ते वापरतात. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. तेल बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही.

तेल निघतं कसं?

ताजी बी फोडली तर आतला गर फिकट रंगाचा असतो आणि त्यात तेल फारसं दिसत नाही. खरी गंमत वाळवणात आहे. खाली पडलेली पिकली फळं वेचायची, कवच फोडून गर काढायचा आणि तो उन्हात एक-दोन महिने वाळवायचा. हळूहळू त्याचा रंग तांबूस-तपकिरी होतो, गर चिकट होतो आणि तेल सुटू लागतं. मग घाण्यावर घालायचा. वाळलेल्या गरात निम्म्याहून अधिक, कधी ७० टक्क्यांपर्यंत तेल असतं.

हे तेल दाट, हिरवट-काळपट आणि उग्र वासाचं असतं. चवीला कडू. खोबरेलासारखं पातळ, फिकट आणि बिनवासाचं तेल कुणी उंडीचं म्हणून देत असेल तर ते एकतर शुद्ध करून बदललेलं असतं किंवा त्यात दुसरं काही मिसळलेलं असतं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून मगच घ्यावं.

नावांचा घोळ

जडीबुटीच्या व्यवहारात सर्वात मोठा धोका असतो तो नावांचा. पुन्नागाच्या बाबतीत हा घोळ जरा जास्तच आहे. काही अभ्यासक पुन्नाग म्हणजे उंडी मानतात, तर काही सुरंगी. सुरंगी हे कोकणातलंच दुसरं झाड. त्याच्या कळ्यांचे वळेसर कोकणातल्या बायका हौसेने माळतात. त्याच सुकलेल्या कळ्या बाजारात नागकेशर म्हणूनही विकल्या जातात. खरं नागकेशर येतं ते नागचाफ्याच्या फुलातून आणि ते झाड पुन्हा वेगळंच. त्यात आणखी भर म्हणून दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कैलासपतीच्या झाडाला तमिळमध्ये नागलिंगम म्हणतात आणि पुष्कळ देवळांच्या आवारात तेही दिसतं.

नावात एवढा गोंधळ असताना ‘पुन्नाग द्या’ म्हणून पुडी आणणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. काढ्यात पडणारं द्रव्य पोटात जातं. म्हणून पुन्नाग किंवा नागकेशर असलेलं औषध वैद्याच्या सल्ल्यानेच आणि ओळखीच्या दुकानातूनच घ्यावं.

प्रयोगशाळेत काय दिसलं?

आजीचं तेल आता प्रयोगशाळेतही पोचलंय. तेलात ओलेइक आणि लिनोलेइक ही स्निग्धाम्लं तर असतातच, शिवाय राळेसारखा एक भाग असतो. त्यातलं कॅलोफायलोलाइड हे द्रव्य दाह आणि सूज कमी करतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. २०१५ साली पाच प्रकारच्या तमानू तेलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जखम भरून येण्याला मदत आणि त्वचेवरच्या काही जंतूंना अटकाव, हे दोन्ही गुण त्यात आढळले.

पण लगेच हुरळून जायला नको. हे प्रयोग पेशींवर आणि प्राण्यांवर झालेले आहेत. काचेच्या नळीत दिसलेला गुण माणसाच्या गुडघ्यात तसाच उतरेल, याची हमी नसते. शिवाय तेलाची दुसरी बाजूही नोंदली गेली आहे. तमानू तेल लावल्याने त्वचेला ॲलर्जी झाल्याची माहिती २००४ साली त्वचारोगांच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

या झाडाच्या एका भावंडाची गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. १९८७ साली मलेशियातल्या सारवाकच्या जंगलातून संशोधकांनी कॅलोफायलम लॅनिजेरम या झाडाची पानं आणि फांद्या गोळा केल्या. त्यातल्या द्रव्याने एड्सच्या विषाणूची वाढ प्रयोगशाळेत रोखली. संशोधक आणखी नमुने घ्यायला परत गेले, तर ते झाड तोडलेलं होतं! जवळपासच्या इतर झाडांत तो गुण तसा सापडेना. अखेर सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात जपलेल्या झाडांनी हात दिला. १९९२ साली कॅलॅनोलाइड-ए या द्रव्याची माहिती प्रसिद्ध झाली. बाजारात मिळणारं औषध त्यातून अजून आलेलं नाही. पण देवळाच्या आवारात किंवा बागेत जपलेल्या एका झाडाची किंमत काय असू शकते, हे त्यातून कळलं.

घरच्यांसाठी महत्त्वाचं

उंडीचं तेल घरात आणायचं असेल तर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• तेल फक्त बाहेरून लावण्यासाठी आहे. खाण्यात, नाकात, कानात किंवा डोळ्यात घालू नये.

• पहिल्यांदा मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस वाट पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ दिसलं तर वापरू नये.

• उघड्या, खोल किंवा पू झालेल्या जखमेवर तेल चोपडू नये. मधुमेही माणसाच्या पायाची जखम तर थेट डॉक्टरांनाच दाखवावी.

• गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुलं यांच्यासाठी वैद्याला विचारल्याशिवाय वापर नको.

• सांधा सुजून गरम झाला असेल, ताप येत असेल किंवा सकाळी उठल्यावर बराच वेळ बोटं आखडत असतील तर नुसत्या मालिशवर विसंबू नये. आमवाताचं निदान लवकर झालं तर सांधे वाचतात. तेल चोळत दिवस घालवले तर झालेली झीज भरून येत नाही.

• फळं गोटीसारखी असल्याने मुलं ती खेळायला घेतात. खेळू द्यावं, पण तोंडात घालू देऊ नये. फळ-बी विषारी आहे. चीक हाताला लागला तर साबणाने हात धुवावेत.

शेवटच्या मुद्द्यात अतिशयोक्ती नाही. याच झाडाचा पाला आणि चीक मासे गुंगवण्यासाठी वापरल्याच्या नोंदी आहेत. जे औषध बाहेरून आराम देतं ते आत गेलं तर अपाय करू शकतं.

पुन्हा रुजायला हवी

१२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आदळलं. शहरातली हजारो झाडं उन्मळून पडली. त्यात गुलमोहरासारखी बाहेरून आणून लावलेली झाडं पुष्कळ होती. मग नव्याने काय लावायचं याची चर्चा सुरू झाली आणि देशी झाडांच्या यादीत पुन्नैचं नाव आलं. खाऱ्या वाऱ्याला तोंड देत उभं राहणं हा तर तिचा पिढीजात धंदा! रस्त्याकडेला बारमाही सावली आणि किनाऱ्यावर वाऱ्याला आडोसा, अशी दोन्ही कामं ती करते.

कोकणात ज्यांची जागा किनाऱ्याजवळ आहे, त्यांनाही हे सहज जमण्यासारखं आहे. पिकून पडलेलं ताजं फळ आणावं. कवच अलगद फोडून किंवा त्याला तडा देऊन बी पेरलं तर लवकर रुजतं. अखंड कवचासह पेरलं तर कोंब यायला बराच जास्त वेळ लागतो. रोप सावकाश वाढतं, पण एकदा मुळं धरली की फारशी देखभाल मागत नाही. पूर्ण वाढलेलं झाड २५ ते ६० फुटांपर्यंत जातं, त्यामुळे घराच्या भिंतीपासून लांबच लावावं.

आणि घरात कुणी आजी-आजोबा असतील, ज्यांनी उंडेलाचा दिवा पाहिलाय, घाण्यावर उंडी नेलीय, त्यांना यंदाच्या सुट्टीत जरूर विचारावं. फळं कोणत्या महिन्यात वेचायची, गर किती दिवस वाळवायचा, तेल कुठल्या दुखण्यावर लावायचं आणि कुठल्या नाही... हे सगळं त्यांच्याकडून ऐकून वहीत उतरवून ठेवावं. मैलापूरची पुन्नै देवामुळे जपली गेली. कोकणातल्या उंडीभोवती देऊळ नाही. तिला जपायचं ते आपणच.